नीट करून देते

आमच्या बाटल्यांच्या कारखान्यात तिला सगळे चाळणी म्हणायचे. तोंडावरच म्हणायचे, आणि तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट थोडा अभिमानच होता. आमचं काम साधं. पांढऱ्या उजेडाच्या फळीसमोरून पट्ट्यावर रिकाम्या बाटल्या सरकत जातात, आणि आम्ही स्टुलावर बसून खोट असलेली बाटली उचलून बाजूला टाकतो. कुठे काचेत बुडबुडा, कुठे तोंडाला टवका, कुठे केसासारखी चीर. डोळे शिणतात म्हणून मध्ये मध्ये जागा बदलून बसायचं. आम्हा बाकीच्यांच्या हातून एखादी सुटायचीच. हिच्या हातून सुटायची नाही. डोळ्यांत तेल घालून काम करणं म्हणजे काय, ते मी तिच्या शेजारी बसून पाहिलंय.

घरीही ती तशीच. बाहेरच्या खोलीच्या खिडकीला पडदा हवा होता, तर मनासारखं कापड मिळेपर्यंत तिने त्या खिडकीला जुनी चादर खिळ्यांनी ठोकून ठेवली होती. कापड मिळालं तोवर चादरीला भोकं पडली. लग्नाचंही तिने असंच केलं, मनासारख्या स्थळाची वाट बघता बघता ते राहूनच गेलं, असं लोक म्हणायचे. ती म्हणायची, "चादर निदान काढता तरी येते."

घरात ती आणि तिचे वडील. आई कधीच गेलेली. धाकटा भाऊ नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. वडील शहर बसवर ड्रायव्हर होते. आयुष्यभर एकाच मार्गावर गाडी चालवून निवृत्त झाले. माणूस गमत्या. आम्ही मैत्रिणी घरी गेलो आणि दारात चपला काढत रेंगाळलो, की आतून हाळी यायची, "पुढे सरका, पुढे सरका, आत भरपूर जागा आहे!" पण निवृत्तीनंतर हळूहळू ते गप्प होत गेले. खुर्चीत बसलेले असायचे, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. जेवायला हाक मारली की उठायचे. चाळणी म्हणायची, "घरात एक बस उभी करून ठेवल्यासारखं वाटतं गं."

त्या घरात एक कॉम्प्युटर होता. भावाच्या कॉलेजच्या वेळचा. डबा पिवळट पडलेला, पंखा मिक्सरसारखा घरघरायचा, आणि बटण दाबलं की चहा करून यावं तेव्हा कुठे पडदा उजळायचा. भाऊ एकदा सुट्टीला आला तेव्हा त्याने गंमत म्हणून त्यावर बस चालवायचा एक गेम टाकून दिला. म्हणाला, "बाबा, बघा, तुम्हाला परत ड्युटीवर घेतलंय." वडिलांनी आधी हात झटकला. भाऊ गेल्यावर मात्र एका दुपारी ते हळूच कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले.

आणि तिथून त्यांना परत वाचा फुटली.

दुपारी जेवण झालं की ते गाडी काढायचे. दोन बोटांनी बाणाची बटणं दाबत, ओठ आवळून. संध्याकाळी चाळणी कामावरून घरी आली की चहाबरोबर दिवसभराचा हिशेब द्यायचे. "आज पुलावर एक ट्रक आडवा घातला होता मूर्खाने." "आज बाजाराच्या थांब्यावर एक बाई चढली, तिला चेहराच नव्हता. नुसतं सपाट. पण बसली बिचारी गुपचूप. त्या गावातली माणसं चांगली आहेत हो, सुट्ट्या पैशांवरून भांडत नाहीत." चाळणी दुसऱ्या दिवशी हे सगळं आम्हाला डब्याच्या वेळी सांगायची. सांगताना हसायची. तिला इतकं हसताना मी एरवी पाहिलं नव्हतं.

गेम त्या जुन्या मशीनला झेपत नव्हता, हे खरं. सगळ्यात हलक्या प्रतीचं चित्र लावूनही बस सरळ चालायची नाही. उचक्या लागल्यासारखी थांबत थांबत पुढे उडी मारायची. रस्ता मागाहून यायचा. झाडं पुठ्ठ्याची वाटायची. वडील म्हणायचे, "मी वेळेवर आहे, रस्ताच लेट आहे."

एका रविवारी ती त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. इतके दिवस तिने नुसतं ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. वडील एका वळणावर आले, पडदा गोठला, आणि पुन्हा हलला तेव्हा बस अख्खी नदीत. वडील इतके हसले, इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. "उतरा म्हणावं आता पोहत!" चाळणीला मात्र हसू येईना. तिला नुसत्या त्या चिरा दिसत होत्या.

"बाबा, असलं काय बघता तुम्ही? मी नीट करून देते."

"अगं ताई, चाललंय की." घरात तिला दोघेही ताईच म्हणायचे.

"याला चालणं म्हणतात? तुम्ही आयुष्यभर गाडी चालवली आणि आता हे असं धक्के खात बसायचं? द्या, मी बघते."

"बघ बाई," ते म्हणाले. मुलगी आपल्यासाठी काहीतरी करते आहे याचं त्यांना बरंच वाटलं असणार. ती मला नंतर अनेकदा म्हणाली, की ते हो म्हणाले तेव्हा खुशीत होते.

तिने तो डबा उघडला. आत धुळीची अशी जाड गादी बसलेली, की पंख्याची पाती दिसत नव्हती. ते सगळं पुसून ती डबा पिशवीत घालून दुकानात घेऊन गेली. एका इमारतीच्या जिन्याखाली एक अरुंद दुकान आहे. आत छतापर्यंत खोकी, आणि मधोमध एक माणूस टेबललॅम्पखाली वाकलेला. कोणतंही गिऱ्हाईक आत शिरलं की त्याचा पहिला प्रश्न एकच, "तापतो का?" म्हणून सगळे त्याला तापमान म्हणतात.

तापमानने डबा पाहिला आणि म्हणाला, "ताई, आतली डिस्क बदलू, नवीन प्रकारची टाकू. रॅम दुप्पट करू. आणि माझ्याकडे वापरलेलं एक छोटं ग्राफिक्स कार्ड पडलंय, ते याच डब्यात बसेल. संध्याकाळी घेऊन जा."

"मग एकदम सरळ चालेल? अजिबात न अडखळता?"

"बऱ्यापैकी."

तो शब्द चुकला. चाळणीच्या आयुष्यात बऱ्यापैकी नावाचा कप्पाच नव्हता. बाटली एकतर पट्ट्यावर राहते, नाहीतर बाजूला जाते.

मग तिने सगळं नव्यानेच करायचं ठरवलं. आणि एकदा तसं ठरवलं की काय होतं ते तापमानने तिला सांगितलं होतं: नवा प्रोसेसर घ्या, तर जुन्या मदरबोर्डवर तो बसत नाही. नवा बोर्ड घ्या, तर जुनी रॅम त्यात जात नाही. चांगलं ग्राफिक्स कार्ड घ्या, तर ते इतकं लांब की जुन्या डब्याचं झाकण लागत नाही, आणि त्याला पुरेल एवढी वीज जुन्या पॉवर सप्लायकडे नाही. म्हणजे अख्खा कॉम्प्युटर नवा. ती म्हणाली, "चालेल. पण एकदाच, आणि चांगलं."

"तोवर हा जुना परत जोडून देऊ का? तासाभराचं काम आहे. वडील खेळतात म्हणता ना?"

"कशाला? थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. उगाच दोनदा खोलायचं."

हे वाक्य तिने मला नंतर इतक्यांदा सांगितलं, की मला ते मी स्वतः ऐकल्यासारखं पाठ झालंय.

थोडे दिवस म्हणता म्हणता महिने झाले. आधी कोणतं कार्ड घ्यावं यावर तिचा अभ्यास सुरू झाला. कामावर येताना-जाताना मोबाइलवर व्हिडिओ बघायची. डब्याच्या वेळी आम्हाला सांगायची, सेकंदाला किती चित्रं पडली की डोळ्याला सलग वाटतं, आणि कुठल्या कार्डात किती पडतात. आम्ही मान डोलवायचो. ती एका कार्डावर येऊन थांबली, तर तेवढ्यात बातमी आली की त्याच कंपनीचं पुढचं मॉडेल येतंय. मग त्याची वाट. ते आलं, तर दुकानात मिळेना. मिळालं, तर चालू केल्यावर त्यातून बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येई. तापमान म्हणाला, "हेडफोन लावला की ऐकू येणार नाही." तिने ते परत केलं.

नवा डबा आला, एका बाजूला काच असलेला. आता काच आणि ती! तिने तो उजेडात धरला आणि कोपऱ्यात तिला एक बुडबुडा दिसला. टाचणीच्या डोक्याएवढा. तोही परत. तापमानने कपाळाला हात लावला. म्हणाला, "ताई, या धंद्यात एक आहे. उद्या याहून चांगलं येणार, हे रोजच खरं असतं. कुठल्या तरी आजला पकडून घरी न्यावं लागतं."

ती म्हणाली, "तुम्हाला माल खपवायचाय."

घरी वडील सुरुवातीला रोज विचारायचे, "आली का गाडी वर्कशॉपमधून?" मग आठवड्यातून एकदा. मग त्यांनी विचारायचं सोडलं. टेबलावर कॉम्प्युटरची जागा मोकळी होती, ती ते रोज फडक्याने पुसायचे. पुन्हा खुर्चीत बसायला लागले. आता खुर्ची त्या टेबलाकडे तोंड करून असायची, एवढाच फरक.

त्याच काळात घरात आणखी काही बारीकसारीक गोष्टी होत होत्या. वडिलांच्या हातून चहा बशीत सांडायला लागला. हिला वाटलं हात थरथरतो. ती मोठे, जड बुडाचे कप शोधून घेऊन आली. ते म्हणाले खोलीत अंधार वाटतो. तिने जुना दिवा काढून लख्ख दिवा लावला. त्यांनी वर्तमानपत्र वाचणं सोडलं. विचारलं तर म्हणाले, "बातम्या त्याच असतात, तारीख तेवढी बदलतात." ते तिला पटलं. बोलताना ते मान जराशी वळवून बोलायला लागले, जणू शेजारच्या कुणाशी बोलतायत. तिला वाटलं मान अवघडलीय. ती चांगली उशी घेऊन आली. एकेक वस्तू तिने निवडून निवडून, उत्तम आणली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं. दिवसभर काचेतली केसाएवढी चीर शोधणारी ती, आणि घरातली ही चीर तिला दिसली नाही.

अखेर सगळे भाग जमले. तापमान स्वतः घरी येऊन जोडून देतो म्हणाला, पण तिने त्याच्या देखरेखीखाली स्वतःच्या हातांनी जोडलं. वायरी अशा बांधल्या, की आत पाहिलं तर विणकाम वाटावं. मोठा पडदा. वर एक स्टिअरिंग, टेबलाला पकडून बसवायचं, आणि खाली पायाला क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. भाऊ फोनवर व्हिडिओ लावून बघत होता. तो ओरडला, "ताई, हे कुठलं विमान आणलंस!"

वडील येऊन बसले. पाय पेडलवर ठेवले, स्टिअरिंगवर हात ठेवले, आणि हात आपोआप बरोबर जागी गेले. गाडी सुरू झाली. आवाज असा, की जमीन थरथरल्यासारखी वाटली. बस डेपोतून लोण्यावरून जावी तशी बाहेर पडली. एकही उचकी नाही. काचेवर धुळीचे कण, थांब्यावर माणसं, माणसांना चेहरे, चेहऱ्यांवर ऊन.

"वा!" वडील म्हणाले. "वा वा! काय रस्ता आहे!"

चाळणीने मला सांगितलं, की तिला त्या क्षणी असं वाटलं, आपण आयुष्यात एक गोष्ट पुरी केली.

मग बस दुभाजकाला घासली. पुढे एका थांब्यावर माणसं उभी होती, ती सोडून गेली. एका रिक्षाला मागून धडकली. वडील म्हणाले, "नवीन गाडी आहे. हात बसायला वेळ लागतो."

हात बसेना. रोजच बस कुठेतरी धडकायची. आणि चाळणीने काय केलं असेल? तिने मशीन तपासायला घेतलं. स्टिअरिंग जास्त वळतं का, म्हणून त्याची सेटिंग बदलली. पडद्यावर चित्र उशिरा येतं का, म्हणून केबल बदलली. पेडलखाली रबर लावलं. तापमानला रोज फोन. तो शेवटी वैतागून म्हणाला, "ताई, मशीन झकास आहे. या दुकानातून यापेक्षा चांगली गाडी बाहेर पडलेली नाही." तिला ते खरं वाटेना. जी वस्तू तिने इतकी तपासून घेतली, तिच्यात कुठेतरी खोट राहिलीच कशी, एवढंच तिच्या डोक्यात.

मग तो दिवस आला. कारखान्यात भट्टीत काहीतरी बिघाड झाला, पट्टा थांबला आणि आम्हाला दुपारीच सोडलं. ती मला म्हणाली, "चल घरी. चहा पिऊ, आणि तुला एकदा माझा कॉम्प्युटर दाखवते." इतके दिवस ऐकून ऐकून माझे कान किटले होते; मीही उत्सुक होते. आम्ही गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बसचा मोठा आवाज येत होता, त्यामुळे दार ढकलल्याचं त्यांना कळलं नाही.

ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. तोंड पडद्याकडे नव्हतं. तोंड खिडकीकडे होतं, आणि गाल पडद्याला जवळजवळ टेकलेला. डोळ्याच्या कोपऱ्यातून, त्या मोठ्या पडद्याच्या एका कडेवरून, ते रस्ता शोधत होते. बस पायी चालल्यासारखी हळू चालली होती. मागून गाड्यांचे हॉर्न. आणि ते स्वतःशीच पुटपुटत होते, "थोडं डावीकडे... थोडं... असं... थांबा आला असेल आता... आला का?"

मी चाळणीकडे पाहिलं. तिचा हात अजून दारावर होता. खोट असलेली बाटली दिसली की एक क्षण तिचा श्वास थांबायचा, ते मला माहीत होतं. तसाच आत्ता थांबला होता, पण सुटत नव्हता.

"बाबा."

ते दचकून सरळ बसले. तोंड पडद्याकडे केलं, अगदी रीतसर. "आलीस? लवकर सुटलीस? बघ, आज एकदाही धडकलो नाही."

"बाबा, तुम्हाला दिसत नाहीये."

"दिसतंय की."

"माझ्याकडे बघा. माझा चेहरा दिसतो?"

पडद्यावर बस कडेला लागून फुटपाथवर चढली होती आणि आतली माणसं गुपचूप बसून होती. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"कडेने दिसतं," ते म्हणाले. "मधोमध धूर आहे. तू समोर उभी राहिलीस की तुझे खांदे दिसतात. तोंडाच्या जागी धूर."

"कधीपासून?"

"थोडं थोडं आधीपासूनच. जुना कॉम्प्युटर होता तेव्हा जरा बरं होतं. दिसायचं. मग वाढत गेलं."

"मग सांगितलं का नाहीत? एका शब्दाने?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, ते जणू कुणा तिसऱ्याबद्दल बोलत होते. "तू म्हणाली असतीस, आधी डोळे नीट करू, मग गाडी. चांगला डॉक्टर शोधला असतास. मग त्याहून चांगला. मला आधी गाडी हवी होती, ताई. मला वाटलं, या आठवड्यात येईल, पुढच्या आठवड्यात येईल. आली की मन भरून चालवीन, आणि मग सांगीन."

चाळणी खाली जमिनीवर बसली. चहा मीच केला.

पुढच्या गोष्टी लवकर झाल्या, कारण या वेळी तिने सगळ्यात जवळचा डॉक्टर गाठला. त्याने डोळ्यांत थेंब घातले, आत पाहिलं आणि कागदावर चित्र काढून समजावलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग झिजला होता. वयाने होतं. कडेची नजर राहील, पण समोरची परत येणार नाही. चाळणीने विचारलं, आधी आणलं असतं तर? डॉक्टरने सरळ उत्तर दिलं नाही. एका डोळ्याला सुई घेऊन थोडी नजर टिकवता आली असती, असं म्हणाला. आली असतीच असं नाही, पण वेळ गेली हे खरं. वडील तिथेच बसले होते. ते म्हणाले, "जाऊ द्या डॉक्टर, माझा परवाना तसाही संपलाय."

ती रडली नाही. ती घरी आली आणि कॉम्प्युटरपुढे बसली. वरातीमागून घोडं, हे तिला कळत होतं, तरी बसली. चित्र मोठं केलं, उजेड वाढवला, रंग भडक केले. वडील तिच्या शेजारी बसून काय दिसतं, काय नाही ते सांगत होते. मग ते म्हणाले, "ताई, यात झाडंच फार आहेत गं. ऊन आहे, सावल्या आहेत, काचेवर धूळ आहे. सगळं एकमेकांत मिसळतं. जुन्यात रस्ता म्हणजे एक काळा पट्टा होता आणि बाकी सगळं हिरवं. त्यात कडेनेसुद्धा कळलं असतं."

तेव्हा तिने एकेक करून सगळं बंद केलं. आधी सावल्या काढल्या. मग ऊन, धूळ, पाण्यातलं प्रतिबिंब, माणसांचे चेहरे. ज्या ज्या गोष्टीसाठी ती थांबली होती, ती प्रत्येक गोष्ट तिने स्वतःच्या हाताने पुसून टाकली. शेवटी पडद्यावर तेच उरलं, पुठ्ठ्याची झाडं आणि काळा पट्टा. नाकापेक्षा जड झालेला तो मोती बाजूला काढून ठेवला, म्हणा ना. भावाने फोनवर विचारलं, "काय ताई, आता चित्र कसं पळतं?" तिने फोन ठेवून दिला.

वडिलांनी त्या साध्या चित्रावर थोडे दिवस गाडी चालवली. मान वळवून, हळूहळू. बाजाराच्या थांब्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. एकदा मी गेले होते तेव्हा मला म्हणाले, "बस, पुढची सीट मोकळी आहे." मी बसले. त्यांनी मला दोन थांबे फिरवून आणलं. पण धूर पसरत होता. काळा पट्टाही त्यात जायला लागला. एका दुपारी त्यांनी स्टिअरिंगवरून हात काढले, बटण चाचपडून मशीन बंद केलं आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

चाळणीने एक उपाय काढला. म्हणाली, "बाबा, मी चालवते. तुम्ही बाजूला बसून सांगा, कुठे वळायचं ते."

"मला दिसत नाही, तर सांगू काय?"

"मी सांगते समोर काय आहे, तुम्ही सांगा काय करायचं."

ते हसले. त्या घरात किती दिवसांनी ते हसले होते! पण म्हणाले, "नको गं. आयुष्यभर ड्रायव्हर होतो, आता कंडक्टर होणं जमायचं नाही. तुला हवं तर तू चालव."

तिने ओढूनताणून दोन-तीनदा प्रयत्न केला. तिला गाडी येत नव्हती. गियर टाकताना खडखडाट व्हायचा, आणि खुर्चीतून वडिलांचा चेहरा तेवढ्यापुरता आकसायचा, दात दुखल्यासारखा. तिने सोडून दिलं.

यानंतर ती कारखान्यात बदलली. काम तेच, हात तसेच, पण बोलणं कमी. मला एकदा म्हणाली, "मला त्यांची माफी मागायचीय, पण कशी मागू कळत नाही. डोळ्यांची मागू, की तो जुना खोलला त्याची मागू? डोळ्यांचं म्हटलं तर ते म्हणतील मीच लपवलं. जुन्याचं म्हटलं तर फार किरकोळ वाटतं, त्यांना वाटेल हिला डोळ्यांचं काहीच नाही." ती शब्द जुळवत होती. मला हसावं की रडावं कळेना. मी म्हणाले, "बाई गं, आज घरी जा आणि तोंडाला येईल ते बोल."

ती गेली. जेवताना बोलली, असं तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. काही ठरवलं नव्हतं. वडिलांच्या तोंडात घास होता आणि ती मध्येच म्हणाली, "बाबा, मी तो बंद करायला नको होता."

"काय?"

"तो जुना. तो चालू ठेवायला हवा होता. चालत होता तसा. तुम्हाला दिसत होतं तोवर."

वडिलांनी घास गिळला. पाणी प्यायले. तिला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे, तू चांगल्यासाठीच केलंस. आपण सगळेच असं म्हणतो. ते तसं म्हणाले नाहीत.

"हो," ते म्हणाले. "ठेवायला हवा होतास. मला राग आला होता तुझा. रोज यायचा. टेबल पुसताना यायचा. एवढे दिवस होते माझ्याकडे, आणि ते मी त्या रिकाम्या टेबलाकडे बघण्यात घालवले. आता ते तू कुठूनही आणू शकत नाहीस."

"नाही आणू शकत."

"नाहीच." मग त्यांनी ताट पुढे सरकवलं. "भाजी वाढ जरा. आणि मीठ कमी पडलंय, ते सांगायचं राहिलं."

तिने भाजी वाढली. त्यांच्या ताटात कुठे काय वाढलंय ते ती आता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगते: भात बारावर, भाजी तीनवर. ते तसं जेवतात.

माफ केलं की नाही, ते तिला कळलं नाही आणि तिने विचारलंही नाही. पण त्या दिवसापासून ते एकमेकांशी जास्त बोलतात, असं मला वाटतं; निदान वडिलांना काही आवडलं नाही तर ते तसं सांगतात. तो कॉम्प्युटर अजून तिथेच आहे, काचेच्या डब्यातला, कोळ्याचं जाळंसुद्धा न लागलेला. एवढं दांडगं मशीन, आणि चाळणी त्यावर महिन्यातून एकदा विजेचं बिल भरते. स्टिअरिंग तिने तापमानला परत दिलं. तो घेईना, म्हणाला, ठेवा घरात. ती म्हणाली, नको, तिथे ते असलं की बाबांचा हात त्याच्यावर जातो, आणि मग मला खोलीत थांबवत नाही.